रिंग जात होती

५ फेब्रुवारी

ती. आईस,

साष्टांग नमस्कार.

पत्राला उशीर झाला त्याला माझा आळस कारण नाही, लाइट आहे. फोनवर तुला माझं ‘हॅलो’ सोडून काही ऐकू येत नाही आणि बाबांची गाडी ‘सगळं ठीक’च्या पुढे सरकत नाही, म्हणून आपलं पत्रच बरं.

आधी एक गोष्ट दुरुस्त कर. तू सगळ्यांना सांगतेस ना, ‘आमची ठकू दुःखी माणसांचे फोन ऐकते’, तसं नाही. हेल्पलाइनवर घाबरलेली, एकटी पडलेली माणसं फोन करतात. ते ऐकतात आमचे स्वयंसेवक. मी नुसती यंत्रं सांभाळते.

तर सोमवारी दुपारी पावणेतीनला अख्ख्या रस्त्याची वीज गेली. इंटरनेटची तार ऑफिसात शिरते तिथे एक चपटा डबा आहे, त्याला फायरवॉल म्हणतात. तो आमचा दारवान. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला अडवायचं, यादीत नाव असेल तर आत, नाहीतर बाहेरच्या बाहेर. आमचे फोनही इंटरनेटवरूनच येतात, म्हणजे तेही त्याच्याच डोळ्यांखालून. वीज गेल्यावर अर्धा तास तग धरायला खाली बॅटरी असते. ती चार मिनिटांत मेली. उघडून बघितली तर पोट फुगून टम्म. वीज आली, गेली, आली, पुन्हा गेली, आणि शेवटी आली ती राहिली. सगळी यंत्रं उठली. दारवान काही उठेना.

नारिंगी दिवा लागायचा, सात मिनिटं विचार करायचा, विझायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. मी जमिनीवर मांडी ठोकून बसले आणि लॅपटॉप तारेने थेट त्याला जोडला. तेव्हा कळलं, त्याच्या आतल्या फाइली झटक्याने बिघडल्या होत्या. त्या तपासायला घ्यायचा, अडखळायचा आणि स्वतःच स्वतःला बंद करून चालू करायचा. आमच्या प्रमुखबाई आधी इस्पितळात परिचारिका होत्या, म्हणून सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. त्या दर दहा मिनिटांनी डोकावून विचारायच्या, “नाडी लागते का?”

शेवटी त्याचं पोट रिकामं केलं, सगळं नव्याने भरलं, आणि आधी सेव्ह करून ठेवलेली नियमांची यादी परत घातली. सात वाजता हिरवा दिवा! इंटरनेट चालू. या टेबलावरून त्या टेबलाला फोन लावला, खणखणीत वाजला. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आमच्याकडे फोनवर बसतात, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी जाऊन अंघोळही न करता झोपले.

तेव्हापासून कशी शांतता आहे म्हणून सांगू! मेसेज येतात, पण फोन एकही नाही. काका म्हणाले, “तुझ्या दारवानाला बघून लोकांची दुःखं पळाली.” सिस्टर म्हणतात, लोक हल्ली बोलण्यापेक्षा लिहितात.

बाबांचं काय चाललंय? पाठवलेलं कॅलेंडर लावलंत का कुठे?

तुझी,
ठकू

---

९ फेब्रुवारी

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. कॅलेंडर टेलिफोनच्या वर लावलंय. त्यावर तुमचा नंबर एवढा ठळक छापलाय की माझ्यासारखीलाही चष्म्याशिवाय वाचता येतो, आणि खाली ‘एकटे असाल, घाबरला असाल, आम्हाला फोन करा’. समोरची शिवणवाली म्हणाली, “तुमच्या मुलीचं दुकान चांगलं चालत असेल, घाबरलेल्यांना काय तोटा!”

फुगलेल्या बॅटरीला हात लावलास? तुला लहानपणापासून जळतं ते आधी धरायची सवय. रबरी चप्पल घालत जा. हे मी नाही, ह्यांनी लिहायला सांगितलंय. चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून खांबावर चढलेला माणूस आहे, त्याचं तरी ऐक.

तुझं पत्र ह्यांनी दोनदा वाचलं. वाचून झाल्यावर बराच वेळ हातात धरून बसले होते. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, “काही नाही, पोरीचं अक्षर सुधारलंय.” तब्येत ठणठणीत आहे. सकाळी फिरून येतात, दुपारी पडतात. आमचं अगदी छान चाललंय, काळजी करू नकोस.

माझा मात्र मंगळवारी फजितवाडा झाला. भाजी घेऊन आले तर किल्ली नाही! हे आत झोपलेले, ऐकूच जाईना. दोन तास जिन्यात बसले कोथिंबीर निवडत. येणारा जाणारा विचारतोय, “काकू, इथे का?” मी म्हटलं, हवा खातेय. वय झालं बाई माझं.

लोणी काढलेलं ताक पीत जा, उष्णता होते तुला.

तुझी,
आई

---

१२ फेब्रुवारी

ती. आईस,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय. आधीचे दोन कागद फाडले.

सोमवारी सकाळी एक बाई ऑफिसच्या दारात आली. आमचा पत्ता आम्ही कुणाला देत नाही, तिने कुठून शोधला देव जाणे. हातात हेल्मेट, गळ्यात तिच्या ऑफिसचं ओळखपत्र. तिने आत पाऊलसुद्धा टाकलं नाही. दारातूनच म्हणाली, “तुम्ही जिवंत आहात का?”

सिस्टर उठल्या. ती म्हणाली, “तीन दिवस फोन करतेय. रिंग जाते. कुणी उचलत नाही. मला वाटलं, तुम्हीसुद्धा.”

बस, एवढंच. सिस्टरनी तिला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं.

आमचे मोबाइल येताना कुलपात ठेवायचे असतात, तसा नियम आहे. मी माझा काढला, रस्त्यावर गेले, आणि फुटपाथवर उभी राहून आमचाच नंबर लावला. कानात रिंग वाजत होती. खिडकीच्या काचेतून मला टेबलं दिसत होती. तिन्ही फोन गप्प. काका पेन्सिलला टोक करत होते. मी बघतेय, कानात रिंग वाजतेय आणि काका शांतपणे पेन्सिल फिरवताहेत. मी तिथेच कठड्यावर बसले.

चूक माझी आहे. नुसती हयगय नाही, चूक. ऑक्टोबरमध्ये आमचा नंबर नव्या टेलिफोन कंपनीकडे गेला, तेव्हा ‘यांना आत सोड’ असा नवा नियम मीच दारवानाला दिला होता. नियम लगेच लागू झाला, फोन वाजायला लागले, सगळे खूश. पण दिलेला नियम वेगळा सेव्ह करावा लागतो. तू फळ्यावर लिहिलेलं वहीत उतरवून घ्यायला सांगायचीस ना, तसं. मी उतरवलंच नाही. चार महिने तो फळ्यावरच चालत राहिला. वीज गेली, फळा पुसला गेला. मी त्याला परत उठवलं ते जुन्या वहीवरून, आणि त्या वहीत ही कंपनी नव्हतीच. बाहेरचा प्रत्येक फोन तो दारातून परत पाठवत होता, हिरवा दिवा लावून. आणि मी टेबलावरून टेबलाला फोन लावून पाहिला! तो तर दारापर्यंत जातच नाही. बाहेरून एक फोन लावला असता तर त्याच संध्याकाळी कळलं असतं.

आता नियम घातलाय, सेव्ह केलाय, मुद्दाम वीज तोडून तीनदा उठवून पाहिलाय. सिस्टरनी मला एक शब्द सुनावला नाही. सुनावला असता तर बरं झालं असतं.

न लागलेल्या फोनांची यादी कंपनीकडून मागवली. सात दिवसांत सत्तावन्न वेगवेगळे नंबर. यादीत नंबर आणि वेळ एवढंच असतं, आणि ती मी फक्त बिघाड कधी सुरू झाला ते जुळवायला पाहायची. त्यातलं एक अक्षर बाहेर काढायचं नाही, अशी शपथ नोकरीला लागतानाच घेतलीय. उलटे फोन करायचे नाहीत हाही नियम, कारण त्या घरात फोन कोण उचलेल सांगता येत नाही. म्हणून यादीबद्दल मी काही लिहीत नाही.

फक्त एवढं सांग, आई, तू बरी आहेस ना? खरंच बरी? तू एकटी असतेस तेव्हा भीती वाटते का? बाबा तुझ्याशी नीट वागतात ना? काल मी घरी फोन केला, बाबांनी उचलला, ‘सगळं ठीक’ म्हणून ठेवून दिला. मला सरळ उत्तर दे.

ठकू

---

१६ फेब्रुवारी

चि. ठकूस,

आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. त्या बाईचं वाक्य तर डोक्यातून जाईना. सत्तावन्न माणसं! कोण असतील, कुठल्या वेळी त्यांनी तो फोन उचलला असेल. पण बाळा, जो काम करतो त्याच्याच हातून चुकतं. तुझ्या बाबांनी एकदा नको त्या खांबावरची तार कापून अख्खी पेठ मुकी केली होती, आठवतं? तीन दिवस जेवले नव्हते. चौथ्या दिवशी जेवले.

मला भीती वाटते का, बाबा नीट वागतात का, हे काय भलतंच विचारतेस? मी समजले बरं का. तुझी झोप उडालीय, आणि तुला सगळीकडे तसलंच दिसायला लागलंय. दिवसभर असल्या कहाण्यांच्या शेजारी बसलं की असं होतं. सुट्टी घे. की नोकरीवरच गदा आलीय आणि तू सांगत नाहीस? तसं असेल तर लपवू नकोस. आईपासून कसलं लपवणं!

बाबांबद्दल असं पुन्हा लिहू नकोस. चाळीस वर्षांत ह्या माणसाने माझ्यावर आवाज चढवलेला नाही. हात तर दूरच. आमच्या घरात काही झालेलं नाही. मंगळवारची किल्लीची गोष्ट मी गंमत म्हणून लिहिली होती, तीही तू वाकडी वाचलीस का?

ह्यांना तुझं हे पत्र दाखवलेलं नाही.

आई

---

१९ फेब्रुवारी

आई,

किल्लीची गोष्ट मी वाकडी वाचलीच नव्हती. तू आत्ता लिहिलंस तेव्हा वाचली.

मी शपथ मोडतेय. हे पत्र पेटीत पडलं की मी इथली राहत नाही, मला ठाऊक आहे.

त्या सत्तावन्नमध्ये आपल्या घरचा नंबर आहे. एकदा नाही, सात वेळा. मंगळवार ४ फेब्रुवारी, दुपारी तीन बारा. तीन पंधरा. तीन वीस. तीन एक्केचाळीस. चार पाच. मग गुरुवारी सकाळी साडेअकरा. मग शनिवारी सकाळी साडेअकरा.

पहिल्यांदा वाटलं मी चुकीचं वाचतेय. यादीवर पट्टी ठेवून एकेक आकडा लावत गेले. पाठ असलेला नंबर, आई, शाळेत हरवलं तर सांगायला तू घोकून घेतलेला. तो माझ्या चुकीच्या यादीत.

तुला कुणालातरी सांगायचं होतं आणि ते मला नव्हतं, हे मी समजू शकते. लेकीला नसेल सांगवत. पण सात वेळा रिंग गेली आणि कुणी उचललं नाही, आणि ते माझ्यामुळे. तू होतीस ना? पाच वेळा एका दुपारी! काय झालं होतं त्या दुपारी? कोण होतं घरात? बाबांनी हात उचलला का?

उत्तर येईपर्यंत मी कशीबशी थांबते. पुढच्या आठवड्यात आलं नाही तर मी निघते.

ठकू

---

२४ फेब्रुवारी

ठकू,

तो फोन मी केलेला नाही.

एकही नाही. त्या मंगळवारी तीन बारा ते चार पाच मी जिन्यात बसले होते.

शनिवारी तुझं पत्र आलं तेव्हापासून मी घड्याळापाशी जाऊन त्या वेळा वाचतेय. आता तुला सगळं लिहिते. लपवलं ते माझं चुकलं, पण मला वाटलं होतं, मी न बोलता सांभाळलं तर ते तेवढ्यावरच राहील.

वर्ष झालं. आधी नुसता विसराळूपणा होता. दिवाळखोरासारखे खिसे चाचपत बसायचे, चष्मा डोक्यावरच. मग एका दुपारी मी जेवायला वाढत होते, तर ह्यांनी अगदी अदबीने विचारलं, “तुमचे यजमान किती वाजता येतात?” मी हसले. मला वाटलं, म्हातारपणी चेष्टा सुचतेय. ते हसले नाहीत. भाताकडे बघत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, “मीठ दे गं.” आणि परत आपले हेच. मग मी धरूनच चालले की ती चेष्टा होती.

त्या मंगळवारी मी भाजी घेऊन आले तेव्हा किल्ली माझ्या कनवटीला होती. आतून कडी होती. दार वाजवलं, कान फटीला लावला. आतून म्हणाले, “घरात मंडळी नाहीत. नंतर या.”

मी म्हटलं, “अहो, मी आहे.”

“मी म्हणजे कोण?”

जिन्यात उभं राहून कसं सांगायचं गं कुणाला आपण कोण ते? मी हळू आवाजात माझं नाव सांगितलं, ह्यांचंही नाव घेतलं, तुझं नाव सांगितलं, लग्नाचं साल सांगितलं. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तोंड फटीला लावलं होतं. ते म्हणाले, “बाई, तुम्ही जा, नाहीतर मला कुणालातरी बोलवावं लागेल.” आवाज घाबरलेला होता. मला घाबरलेला! मग मी कोथिंबीर काढली आणि पायरीवर बसले.

पाच वाजता कडी निघाली. दारात उभे, केस विंचरलेले. म्हणाले, “अगं, इथे काय बसलीस? किल्ली विसरलीस वाटतं.”

मी म्हटलं, हो, विसरले.

म्हणजे मी बाहेरून दार वाजवत होते तेव्हा आत ते माझ्यापासून वाचवा म्हणून तुझ्या ऑफिसला फोन करत होते. मला हे लिहितानाही खरं वाटत नाही. चाळीस वर्षं ज्यांच्या अंगावर पांघरूण घातलं त्यांना मी त्या दुपारी चोर वाटले की काय वाटले?

गुरुवारी आणि शनिवारी कशाला केला फोन, मला माहीत नाही. सकाळी साडेअकराला मी शिवणवालीकडे असते. त्या दोन्ही दिवशी परत आले तेव्हा ते मला चांगलं ओळखत होते. म्हणजे तेव्हा काही वेगळंच असणार.

आज त्यांना डॉक्टरकडे नेलं. शिवणवालीला खरं सांगितलं, ती बरोबर आली. डॉक्टरीण चांगली आहे. तिने ह्यांना घड्याळ काढायला सांगितलं. वर्तुळ काढलं, आणि सगळे आकडे एकाच बाजूला लिहिले. मी भिंतीकडे बघत होते. बुद्धी हळूहळू विरत जाण्याचा आजार आहे, औषधाने वेग थोडा कमी होईल, जाणार नाही, असं म्हणाली. कडी आजच सुताराकडून काढून घेतलीय.

तू बाबांबद्दल विचारलंस म्हणून मी तुला फटकारलं. त्याबद्दल मला माफ कर.

आई

---

२८ फेब्रुवारी

ती. आईस,

तुझं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात वाचलं. वाचून तिथेच बसून राहिले. बाबांना घड्याळाचे आकडे लिहिता आले नाहीत, हे मी किती वेळा वाचलं असेल! मला घड्याळ वाचायला त्यांनी शिकवलं. आणि मी त्यांच्यावर कसला संशय घेतला.

मग उठले आणि सिस्टरना सगळं सांगितलं. यादीत घरचा नंबर पाहिल्याचं, तुला कळवल्याचं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, “सेव्ह करायचं राहिलं ते तुझ्या एकटीचं नाही, वर दुसरं कुणी तपासणारं मी ठेवलं नव्हतं. ते माझ्या खात्यावर. पण फोन करणाऱ्याचा नंबर तू बाहेर नेलास.”

मी म्हटलं, “आई आहे माझी.”

“मुलगी म्हणून बरोबर केलंस. इथली म्हणून नाही. मी दोघींनाही ओळखते, पण नोकरीवर एकच आहे.” त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज जागचा हलला नाही. मार्चअखेरपर्यंत नव्या माणसाला सगळं शिकवायचं आणि जायचं. मी वाद घातला नाही. त्यांच्या जागी मी असते तर हेच केलं असतं.

सत्तावन्नपैकी एकतीस नंबरांवरून पुन्हा फोन आलेत. सिस्टरनी जाता येता मला तो आकडा सांगितला, दुसरं काही नाही. हेल्मेटवाली बाई दर सोमवारी येते. बाकीचे सव्वीस कुठे आहेत ते आम्हाला कधीच कळणार नाही. त्यातले तुम्ही दोघं आता मला कळलात, म्हणजे पंचवीस म्हणू का? मला हिशेबच सुचेना झालाय.

आई, मी १५ मार्चला शनिवारी येते. आधी दोन दिवसांसाठी, एप्रिलपासून कायमची. ‘कशाला नोकरी सोडून येतेस’ म्हणू नकोस. नोकरीनेच सोडलंय. काम तिथेही मिळेल, बिघडणारी यंत्रं सगळीकडे असतात.

बाबांना मी येतेय हे सांग. त्यांना कळेल त्या वेळी सांग.

तुझी,
ठकू

---

मंगळवार, ४ मार्च, सकाळ

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद.

सकाळी डोकं साफ असतं म्हणून सकाळी लिहितोय. तुझी सगळी पत्रं वाचली. आईने दोन लपवली होती, तीही वाचली. आपल्या घरात लपवायची जागा एकच, पिठाच्या डब्यामागे.

बाबांनी हात उचलला का, असं तू विचारलंस. बरोबर विचारलंस. विचारायलाच हवं.

त्या मंगळवारचं मला आठवतं ते असं. मी ड्यूटीवर होतो. कुणाच्यातरी घरी फोन दुरुस्त करायला आलेलो, मालक मला आत बसवून बाहेर गेलेले. आणि दारात एक बाई माझं नाव घेऊन हाका मारतेय, आत घ्या म्हणतेय. परक्याच्या घरात मी कुणाला कसं घेणार? आणि तिला माझं नाव कसं ठाऊक? टेलिफोनच्या वर लिहिलेलं होतं, घाबरला असाल तर फोन करा. मी घाबरलो होतो. केला.

पाच वाजता उतरलं. खुर्चीवर तिचा स्वेटर दिसला आणि सगळं जागच्या जागी आलं. मी केस विंचरले, कडी काढली आणि ‘किल्ली विसरलीस’ म्हणालो. कडी माझ्याच हाताने काढली होती, ठकू. मला ठाऊक होतं. तिने ‘हो’ म्हटलं तेव्हा मी तिच्याकडे पाहू शकलो नाही.

गुरुवारचा आणि शनिवारचा फोन शुद्धीतला. मला कुणाला तरी सांगायचं होतं की मी बायकोला दोन तास जिन्यात बसवलं. ओळखीच्या माणसाला सांगवेना.

हात दुखला. उद्या लिहितो.

---

बुधवार, ५ मार्च, सकाळ

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद.

सकाळी डोकं साफ असतं म्हणून सकाळी लिहितोय. तुझी सगळी पत्रं वाचली. आईने दोन लपवली होती, ती पिठाच्या डब्यामागे

*(ठकू, कालचा कागद मी त्यांना दाखवला. हा फाडायला निघाले होते. मी म्हटलं, असू दे, पुढे लिहा. – आई)*

असू दे. पुढे लिहितो.

जे सांगायचं ते राहिलंय. चौतीस वर्षं लाइनवर काढली. माणूस मुद्दाम उचलत नाही ती रिंग आणि मध्येच मेलेल्या लाइनची रिंग यात मला फरक कळतो, कसा ते सांगता येणार नाही. शनिवारी दुपारी तुझं पत्र आलं. ‘शांतता आहे’, तू लिहिलं होतंस. मला त्या क्षणी कळलं की तुमच्या दारात बिघाड आहे. दोनदा वाचून खात्री केली. मोबाइलवर तुला एक फोन केला असता तर शनिवार, रविवार वाचले असते.

मी केला नाही. तू विचारलं असतंस, ‘बाबा, तुम्ही कशाला फोन केला होता तिथे?’

आयुष्यात एक तक्रार मी दाबून ठेवली ती ही. त्या दोन दिवसांत सत्तावन्नपैकी किती होते, ते आल्यावर मला सांग. मी विसरेन, तरी सांग. विसरलो तर पुन्हा सांग. तू सगळी चूक एकटीच्या अंगावर घेऊन बसली आहेस, तसं नाही ते.

आई म्हणते, पंधरा तारखेला येतेस. सकाळच्या गाडीने ये. दुपारचा माझा भरवसा नाही. दार मीच उघडेन, आईला बेल ऐकू येत नाही. उघडून ‘कोण पाहिजे?’ असं विचारलं, तर मुलगी आहे म्हणून सांगत बसू नकोस, रडू नकोस. मला भीती वाटते मग. ‘टेलिफोनची लाइन तपासायला आलेय’ म्हण. मी आत घेईन. लाइनवरच्या माणसाला मी दारात उभं ठेवणार नाही, एवढं राहील माझ्यात अजून काही दिवस. पाणी देईन. मग माझ्याजवळ बस. येईल लक्षात.

नाही आलं, तरी बस.

तुझे,
बाबा